ज्ञानव्यवस्थापक

ज्ञानव्यवस्थापक : संस्थेतील लिखित व अलिखित ज्ञानाचे संकलन व वर्गीकरण करून ते योग्य वेळी गरजूंना उपलब्ध करून देणारा अधिकारी. हे पदनाम विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. तथापि त्यातील दप्तर राखण्याचा भाग जुना असून मराठेशाहीत तो दप्तरदाराकडे असे. अभिलेखपाल मुख्यतः कागद जतन करतो. ज्ञानव्यवस्थापकास कागदाबरोबरच तो उलगडणाऱ्या जाणकारांचीही तरतूद करावी लागते.

या भेदाचे महत्त्व हिंगोली जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हा प्रदेश पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. संस्थानची राजभाषा उर्दू असल्याने जुने महसुली अभिलेख बव्हंशी उर्दूत, तर काही मोडी लिपीत आहेत. १९६० नंतर कारभार मराठीत होऊ लागला व हे कागद वाचणारे क्रमाने विरळ झाले. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कार्यानिमित्त मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू व मोडीच्या जाणकारांची निकड भासली. जातीच्या प्रमाणपत्रासाठी अशी एखादी नोंद निर्णायक ठरू शकते. परंतु वाचक नसल्यास शाबूत कागदही निरुपयोगी होतो.

यास्तव अभिलेखांच्या सूची व लिप्यंतरे करवून घेणे, निवृत्त होणाऱ्या सेवकांचे अनुभव टिपून ठेवणे आणि नव्या सेवकांना लिपींचे शिक्षण देणे, ही ज्ञानव्यवस्थापकाची प्रमुख कर्तव्ये होत.