करंगळी सांभाळून

सकाळी सहा

डोळे उघडले की आधी डावी करंगळी हलवून बघते. मुंग्या नसतील तर उठायला हरकत नाही. कोपर दाराला आपटल्यावर हातभर करंट बसतो ना, ती करामत अल्नर नावाच्या नसेची. कोपराच्या आतल्या हाडामागच्या खोबणीतून ती खाली उतरते. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू तिच्या ताब्यात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर बहुधा मीडियन नस मनगटाशी दबलेली असते. कधी मूळ मानेतही निघतं. पियानोवाले एकत्र जमले की "माझाही हात दुखतो" हे ठरलेलं, आणि त्यावर प्रत्येकाकडे हात ताणायचा एक रामबाण व्यायाम तयार. कुठलं बोट, ते मात्र कुणी विचारत नाही.

सव्वासहा

कोमट पाण्यात हात, चहा, मग व्यायाम. स्नायूला ताण चालतो, नसेला तो फारसा मानवत नाही. तिला सरकायला जागा लागते. नेफ्यातला नाडा अडकला की जोरात ओढून उपयोग होत नाही, पुढे-मागे करत सोडवावा लागतो, तसंच हे. हात बाजूला धरायचा. कोपर दुमडताना मनगट सैल आत पडू द्यायचं. कोपर सरळ करताना मनगट मागे न्यायचं. एका टोकाला नस ताणली जाते तेव्हा दुसऱ्या टोकाला सुटते. अगदी सावकाश, थोड्याच वेळा. झिणझिण्या आल्या की तिथेच थांबायचं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "ताई, हे जितकं कमी वाटेल तितकं बरोबर."

साडेसात

रियाझ. स्टूल अशा उंचीला की कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर राहील. आणि थोडं मागे, म्हणजे कोपर फार दुमडत नाही. सुरुवात बाखच्या एखाद्या संथ तुकड्याने. हॅननचं 1873 चं पुस्तक आमच्या पिढीने देवघरातल्या पोथीसारखं वाचलं. त्यातले साठही व्यायाम बोटं उंच उचलून घोटायचे, असा दंडक. मी ते कपाटात ठेवलंय.

पियानोची पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. तळाला पोचण्याआधीच हातोडी यंत्रणेतून सुटून तारेकडे निघालेली असते. त्यानंतर पट्टी कितीही दाबा, आवाजात काडीचा फरक पडत नाही. दाबून धरलेला जोर हातातच राहतो. तरी आपण दाबतो, कारण भावना व्यक्त करायची असते! सूर धरून ठेवायला बोटाचं नुसतं वजन पुरतं. मी एकच स्वर वाजवते, तो वाजल्याबरोबर मनगट सैल सोडते, आणि कोपराखालचा स्नायू दुसऱ्या हाताने चाचपून पाहते. तो दगडासारखा लागला तर पुन्हा.

ऑक्टेव्हची, म्हणजे सा आणि वरचा सा एकदम वाजवण्याची, गोष्ट वेगळी. त्या दोन टोकांमधलं अंतर साधारण साडेसोळा सेंटिमीटर, आणि ते माझ्या हाताला विचारून ठरलेलं नाही. लहान हातांच्या पियानोवादक योसेफ हॉफमनसाठी स्टाइनवे कंपनीने अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले होते. आपण हॉफमन नाही. मग अंगठा आणि करंगळी फाकवून पंजा तसाच ताठ धरायचा नाही, दर ऑक्टेव्हनंतर मिटू द्यायचा. करंगळीकडे मनगट वाकवून पल्ला गाठण्याची सवय तर पोरांच्या हातावर फुटपट्टी ठेवून मोडायला हवी, असं मनात येतं. करत नाही.

अर्ध्या तासाच्या आत उठायचं. रंगात आलं असेल तर नक्कीच.

साडेनऊ

कणीक मावशी मळतात. नारळ मी खवत नाही, कपडे पिळत नाही. सासूबाईंना आधी हे नखरे वाटले, आता त्याच "तू राहू दे गं" म्हणतात.

अकरा

कोथरूड ते कॅम्प, ॲक्टिव्हावरून. पियानोवर रोज जे हाताला होतं त्याहून जास्त हे पुण्याचे रस्ते करतात, असं माझं ठाम मत आहे. हँडल घट्ट आवळलेलं, तळव्याचा करंगळीकडचा भाग दाबलेला, त्यावर खड्ड्यांची थरथर. तीच अल्नर नस मनगटापाशी तिथूनच जाते. सिग्नलला हात सोडून झटकते. मागचा हॉर्न वाजवतो.

वाटेत शेजारच्या पेटीवाल्या काकांचा फोन येऊन गेला. पोचल्यावर स्पीकरवर लावला. फोन कानाला लावून तासभर बोलणं म्हणजे तासभर दुमडलेलं कोपर.

दुपारी तीन

क्लास. पहिली मुलगी चौथीतली. घरी कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर, खुर्ची बुटकी, पाय लोंबकळत. खांदे कानाला टेकलेत. तिला व्यायाम नको, उशी आणि पायाखाली पाट हवा. आईला तसं लिहून दिलं.

साडेपाच

डिप्लोमाचा मुलगा, शोपँ, ऑक्टेव्ह. "मॅडम, बोटं अजून स्ट्रेच करू का?" त्याला संगीतकार शूमानची गोष्ट सांगते. 1832 च्या सुमाराला उजव्या हाताचं मधलं बोट निकामी झालं आणि वादक व्हायचं राहिलं. कारण बोटं बळकट करायचं यंत्र की आणखी काही, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. पियानोवादक लिऑन फ्लायशरचंही सांगते: 1964 मध्ये उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप आत वळू लागली, पुढची कित्येक वर्षं त्याने फक्त डाव्या हाताची रचना वाजवली. बोटं माझीच, पण दुखणं निराळं. तो होता डिस्टोनिया, मेंदूकडून जाणाऱ्या आज्ञांचा गोंधळ. नस ताणून तो सुटत नाही.

मग त्याचा हात उजेडात धरून बघितला. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल उंचवटा भरलेला आहे. तो खपाटीला गेला, कागद चिमटीत धरता येईना, बधिरपणा दिवसभर सुटेना, तर माझ्याकडे यायचं नाही. डॉक्टरकडे जायचं, नसेची तपासणी करायची. सध्या त्याला दुखतं ते स्पर्धेच्या आधी एकदम वाढवलेल्या तासांमुळे. तास अर्धे केले. तोंड वाकडं केलं त्याने.

रात्री साडेनऊ

कोपर दुमडून उशीखाली घ्यायची जुनी सवय. म्हणून टॉवेल कोपराभोवती सैलसर गुंडाळायचा, हात पूर्ण वळूच नये. नवरा याला "प्लास्टर" म्हणतो.

झोपण्याआधी क्लासच्या ऑफिसला मेसेज: उद्या परीक्षेच्या तालमी सलग लावल्यात, दर दोन मुलांनंतर दहा मिनिटं मोकळी ठेवा. लगेच उत्तर आलं, "मॅडम, पालक बाहेर थांबून कंटाळतात." त्यांच्यासाठी चहा सांगा, असं लिहून फोन ठेवला.