एका मिथाइलची निवड

ॲलर्जीच्या शिंका थांबतात आणि पेंगही येत नाही, म्हणून टर्फेनाडीनची गोळी १९८५ साली अमेरिकेत बाजारात येताच लोकांनी उचलून धरली. पण गिळलेलं टर्फेनाडीन रक्तात जवळपास सापडतच नसे. आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम पहिल्याच फेरीत त्याचं रूप पालटून टाकायचं.

या एन्झाइमच्या गाभ्यात हीम असतं, हिमोग्लोबिनमध्ये असतं तेच. त्यातलं लोह ऑक्सिजनचा रेणू फोडतं. एक अणू पाण्यात जातो. दुसरा लोहावरच राहतो आणि इतका आक्रमक होतो, की समोरच्या कार्बनवरचा हायड्रोजन हिसकावून घेतो आणि त्याच्यासकट त्या कार्बनला चिकटतो.

टर्फेनाडीनमध्ये हायड्रोजनचे अणू ४१. मग हल्ला नेमका कुठे? ज्याचा बंध कमजोर तो आधी तुटेल, असं आपण म्हणू. प्रत्यक्षात घाव बसतो रेणूच्या टोकावरच्या ब्युटिल गटातल्या मिथाइलवर, आणि तिथले बंध तर चांगले बळकट! कारण एन्झाइमच्या खोबणीत हा लांबट रेणू असा बसू शकतो, की ते टोक लोहासमोर येतं. या साऱ्या प्रकरणात मला हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. (खोबणी ऐसपैस आहे; कधी रेणू वेगळा बसतो आणि नायट्रोजनपाशी तुटतो.)

मिथाइलचं आधी अल्कोहोल होतं, पुढे आम्ल. हे आम्ल म्हणजे फेक्सोफेनाडीन. शिंका थांबवण्याचं काम मुख्यतः तेच करत होतं.

हे कळायला किंमत मोजावी लागली. बुरशीवरचं केटोकोनॅझोल आपल्या नायट्रोजनने थेट हीममधल्या लोहालाच धरून बसतं. ते सोबत घेतलं की टर्फेनाडीन न बदलता रक्तात साचायचं, हृदयाच्या स्नायूंतले पोटॅशियमचे मार्ग अडवायचं आणि ठोक्यांची लय बिघडायची. अशा एका रुग्ण स्त्रीची नोंद १९९० साली प्रसिद्ध झाली. एरिथ्रोमायसिनसारख्या नेहमीच्या अँटिबायोटिकनेही हाच धोका निर्माण होतो, हे पुढे दिसलं. काही रुग्ण दगावले.

अमेरिकेत फेक्सोफेनाडीनला १९९६ साली परवानगी मिळाली, १९९८ साली टर्फेनाडीन मागे घेतलं गेलं. आज आपल्याकडेही औषधाच्या दुकानात मिळतं ते फेक्सोफेनाडीन. यकृत त्याला फारसा हात लावत नाही. बहुतांश औषध आहे तसंच मलावाटे बाहेर पडतं. ही गोळी मात्र पाण्याबरोबरच घ्यावी. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाने ती आतड्यातून नीट शोषली जात नाही.