‘मध्ये’ म्हणजे ‘इन’च असं नाही

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी या भाषेची गाठ पाचवीत पडायची. आज लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पोरही पहिलीतच इंग्रजी मुळाक्षरं गिरवतं. तरीही पुढे स्पर्धा परीक्षेचा निबंध असो की एखाद्या संस्थेचा अहवाल, एका ठिकाणी पेन हमखास अडतं. बदल एकट्यादुकट्यात झाला नसून सगळ्या गावात, वर्गात, शेतकऱ्यांत किंवा बायकांत झाला, हे इंग्रजीत सांगायचं असतं. मग वाक्य उतरतं ते असं: ‘देअर इज अ बिग चेंज बिटवीन अवर व्हिलेज पीपल.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की गावातली माणसं बदलली. वाचणारा मात्र कुठल्या दोन बाजूंमधला फरक सांगितलाय, ते शोधत बसतो.

चूक हुशारीची नाही. तिच्यामागे काही पक्के गैरसमज आहेत आणि ते शिकवण्यातूनच आलेले आहेत.

गैरसमज: ‘मध्ये’ किंवा ‘त’ आलं की ‘इन’ लिहावं

मराठीचा ‘त’ फार उदार आहे. घरात, मुलांत, तालुक्यात, वर्षात, सगळीकडे तोच चालतो. निलंग्याच्या बाजारात कानावर पडणाऱ्या इतर भाषांचंही तसंच आहे. उर्दूतलं ‘में’ आणि सीमेपलीकडच्या कन्नडमधलं ‘अल्लि’ जवळजवळ हीच सगळी कामं करतात. म्हणून इथल्या मुलाला, घरची भाषा कोणतीही असो, एका प्रत्ययाची सवय असते. इंग्रजीने मात्र ही कामं वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिली आहेत.

यावरून काही जण म्हणतात, हा भेद आपल्या भाषेतच नाही, तेव्हा पाठांतराला पर्याय नाही. हे मला अजिबात पटत नाही. भेद आपल्याकडे आहे, फक्त तो ‘त’मध्ये शोधायचा नाही. आपण ‘तालुकाभर’, ‘गावभर’ म्हणतो तेव्हा इंग्रजीतला ‘अक्रॉस’ किंवा ‘थ्रूआउट’ मनात असतो. ‘ठरलेल्या हद्दीच्या आत’ म्हणतो तेव्हा ‘विदिन’. ‘आपापसांत’ म्हणतो तेव्हा ‘अमंग देमसेल्व्ह्ज’. इंग्रजी शिकताना तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या घडल्या, पण एका शब्दाला एक शब्द लावायची सवय अनेकांच्या हाताला चिकटून राहिली. इंग्रजीकडे जाण्याआधी वाक्य मराठीतच नेमकं करून घेतलं, तर अर्धं काम तिथेच होतं.

गैरसमज: ‘अमंग’ आणि ‘अक्रॉस’ एकच, ‘अक्रॉस’ जरा भारदस्त

इथे थांबायला हवं, कारण हा प्रश्न नुसत्या व्याकरणाचा नाही. शब्द बदलला की दावा बदलतो.

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. लातूर जिल्ह्यात खरिपातली ज्वारी, मूग, उडीद मागे पडत गेले आणि सोयाबीन पुढे आलं. ‘द शिफ्ट टू सोयाबीन अमंग फार्मर्स’ असं लिहिलं, तर अर्थ होतो: शेतकरी नावाच्या समूहात हा कल दिसतो. सगळेच वळले असं त्यात म्हटलेलं नाही. कोणी अजून ज्वारी घेत असेल, तरी वाक्य खरंच राहतं. ‘अक्रॉस द तालुका’ लिहिलं, की औराद शहाजानीपासून कासारशिरसीपर्यंत बदल पसरला आहे, असं तुम्ही सांगता. ‘थ्रूआउट’ त्याहून कडक आहे. त्यात एकही कोपरा सुटलेला नाही, अशी हमी आहे.

म्हणजे पाहणी दोनच गावांत केली असेल, तर ‘अक्रॉस द तालुका’ लिहिणं ही भाषेची चूक होण्याआधी माहितीची चूक आहे. अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येक तरुणाने हे मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. त्या एका शब्दावर विसंबून दुसरा कोणी निर्णय घेणार असतो.

कोणता शब्द कशाला जोडावा, हेही पाहून ठेवावं. ‘अमंग’ला पुढे अनेक माणसं किंवा वस्तू लागतात: अमंग फार्मर्स, अमंग विमेन, अमंग द स्टाफ. ‘अमंग द तालुका’ होत नाही, कारण तालुका एक आहे. ‘अक्रॉस’ला पसरायला जागा लागते, मग ती भूगोलातली असो वा गटांची: अक्रॉस द डिस्ट्रिक्ट, अक्रॉस ऑल एज ग्रुप्स. ‘विदिन’ समूहाच्या कुंपणाच्या आत पाहतं. ‘विदिन द ग्रुप’ म्हटलं की बाहेर काय चाललंय ते बाजूला ठेवलं जातं.

गैरसमज: दोघांत ‘बिटवीन’, तिघांपासून पुढे ‘अमंग’

हा नियम वर्गावर्गांत सांगितला जातो आणि तो अपुरा आहे. ‘बिटवीन’ या शब्दाच्या पोटात ‘दोन’ आहे हे खरं. पण ऑक्सफर्डचा थोरला कोश सिद्ध करणाऱ्या जेम्स मरे यांनीच त्यात नोंदवून ठेवलं आहे की हा शब्द अगदी सुरुवातीपासून दोनाहून अधिकांसाठीही वापरला जातो. घटक सुटे दिसत असतील आणि प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध असेल, तर संख्या कितीही असो, ‘बिटवीन’ बरोबर. पाच देशांतला करार ‘बिटवीन फाइव्ह कंट्रीज’च असतो. निलंगा, औसा आणि उमरगा या तीन तालुक्यांची तुलना केली, तर फरक ‘बिटवीन द थ्री तालुकाज’ लिहावा. घटक एका समूहात मिसळलेले असतील, तर ‘अमंग’. मघाचं गावकऱ्यांचं वाक्य यामुळेच फसलं होतं, कारण तिथे तुलना नव्हती.

गैरसमज: ‘चेंज’च्या पुढे ‘इन’, ‘टू’, ‘ऑफ’ काहीही चालतं

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे याच भागात किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद असलेली घरं माणसांवर कोसळली. त्यानंतर या पट्ट्यात जे बदललं, ते सांगताना हे तिन्ही शब्द आपापल्या जागी दिसतात.

लोकांची घर बांधायची रीत बदलली. हे त्यांच्या वागण्यात घडलं, म्हणून ‘अ चेंज इन द वे पीपल बिल्ट’. भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात 1984 च्या भूकंपरोधक बांधकाम संहितेनुसार हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. 2002 मध्ये तज्ज्ञांनी संहिता सुधारली आणि तो तिसऱ्या क्षेत्रात गेला. एका ठरलेल्या वस्तूवर कोणीतरी मुद्दाम हात फिरवला, म्हणून ‘चेंजेस टू द मॅप’. आणि 52 गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. एकाच्या जागी दुसरं आलं, म्हणून ‘अ चेंज ऑफ साइट’. ‘इन’ आणि ‘टू’ यांच्यातली भिंत मात्र पक्की नाही. ‘चेंजेस इन द रूल्स’ असंही चांगलं इंग्रजी लिहिणारे सर्रास लिहितात. ‘ऑफ’च्या बाबतीत तेवढी सूट नाही.

‘इन्क्रीज’चंही असंच. जे वाढलं त्याच्या आधी ‘इन’, जितकं वाढलं त्याच्या आधी ‘ऑफ’. ‘इन्क्रीज ऑफ स्टुडंट्स’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार दिसतो. तिथे ‘अ‍ॅन इन्क्रीज इन द नंबर ऑफ स्टुडंट्स’ हवं.

गैरसमज: ‘बाय’ आणि ‘टू’ यांत फारसा फरक नाही

फरक आकड्याएवढाच मोठा आहे, आणि मराठीत तो लख्ख दिसतो. ‘नी’ला ‘बाय’, ‘वर’ला ‘टू’. महाराष्ट्रातल्या स्त्रियांची साक्षरता 2001 च्या जनगणनेत सुमारे 67 टक्के होती, 2011 मध्ये ती सुमारे 76 टक्क्यांवर गेली. ती 76 टक्क्यांनी वाढली असं कोणी लिहिलं, तर आकडा हास्यास्पद होतो. इंग्रजीत ‘रोझ बाय सेव्हंटी-सिक्स पर्सेंट’ लिहिणारे नेमकं हेच करतात. शिवाय ही वाढ नऊ टक्क्यांची नसून नऊ टक्केबिंदूंची आहे. 67 वर 9 म्हणजे टक्क्यांत 13 हून थोडी जास्त वाढ होते.

हीच माहिती इंग्रजीत नीट मांडली तर वाक्य असं होईल: ‘बिटवीन 2001 अँड 2011, लिटरसी अमंग विमेन इन महाराष्ट्र रोझ बाय अबाउट नाइन पर्सेंटेज पॉइंट्स, टू अबाउट 76 पर्सेंट.’ ‘बिटवीन’ने काळाची दोन टोकं धरली, ‘अमंग’ने कोणाची साक्षरता ते सांगितलं, ‘इन’ने प्रदेश, ‘बाय’ने वाढ आणि ‘टू’ने मुक्काम. इथे ‘अमंग’च्या जागी ‘अक्रॉस’ बसणार नाही. सरासरी वाढली म्हणून ती जिल्ह्याजिल्ह्यांत सारखीच पसरली, हे या दोन आकड्यांवरून ठरत नाही. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याचा तक्ता उघडावा लागेल.