संगत, घर आणि गुन्हा : चार गैरसमज

अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला की घरचे संगतीला बोल लावतात, शेजारी घरच्या वळणाला. दोघांचंही थोडं बरोबर असतं, पण थोडंच.

गैरसमज : पोरगं साधं होतं, मित्रांनी बिघडवलं.
वस्तुस्थिती : धाडसाची ओढ असलेली मुलं एकमेकांना हुडकून काढतात आणि मग एकमेकांना चढवतात. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या प्रयोगात गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ होता. मित्र शेजारी असताना १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी एरवीपेक्षा बराच जास्त धोका पत्करला. चोविशीपुढच्यांत फारसा फरक पडला नाही.

गैरसमज : कडक पाळत ठेवली की मूल हाताबाहेर जात नाही.
वस्तुस्थिती : मुलाचं काय चाललंय हे ज्या आईबापांना ठाऊक असतं, त्यांची मुलं कमी भरकटतात, हे खरं. पण स्टॅटिन आणि कर यांना स्वीडनमध्ये २००० साली आढळलं, की ही माहिती मुख्यतः मूल आपणहून सांगतं म्हणून मिळते. सांगितल्यावर फक्त ओरडाच मिळत असेल, तर ते गप्प बसतं.

गैरसमज : अशा मुलांना एकत्र आणून मार्गदर्शन केलं की सुधारतात.
वस्तुस्थिती : अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली ५०६ मुलांवर मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्यांना काही वर्षं समुपदेशक, शिकवणी, औषधोपचार मिळाले. काहींना उन्हाळी शिबिरंही. सुमारे तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्यांचा माग काढला. दोन तृतीयांश जण म्हणाले, फायदा झाला. नोंदी मात्र उलट बोलत होत्या : मदत न मिळालेल्यांपेक्षा यांच्यात दारूचं व्यसन आणि पुन्हा गुन्हा करणं जास्त होतं. सर्वांत वाईट गत एकाहून अधिक वेळा शिबिराला गेलेल्यांची. तिथे टवाळखोरीला एकमेकांकडून दाद मिळत असावी, असा मॅकॉर्ड आणि सहकाऱ्यांचा पुढचा निष्कर्ष.

गैरसमज : एकदा गुन्हेगार, तो कायमचा.
वस्तुस्थिती : सुधारगृहांत ठेवलेल्या बॉस्टनच्या ५०० मुलांच्या ग्लूक दांपत्याने ठेवलेल्या नोंदी सॅम्पसन आणि लाउब यांनी पुन्हा तपासल्या, काहींचा माग सत्तरीपर्यंत घेतला. बहुतेकांची गुन्हेगारी वयाबरोबर ओसरली. स्थिर नोकरी आणि जिव्हाळ्याचा संसार लाभलेले लवकर सावरले.

आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही संस्थेत ठेवणं हा शेवटचाच उपाय मानला आहे. म्हणून ‘याला कुठेतरी पाठवा’ म्हणण्याआधी विचारायला हवं : तिथे याच्या भोवती कोण असेल, आणि परतल्यावर याला कामाला कोण लावेल?