बिडाची हद्द

संपादकांनी सांगितलं होतं, आयोवात जातोच आहेस तर जुन्या ट्रॅक्टरांच्या ओढीच्या स्पर्धा बघ आणि त्या जत्रेवर लिही. जत्रा पाहिली. पण तिच्या आधी एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये जॉन डिअर कंपनीच्या ‘जी’ मॉडेलचं इंजिन खोलून ठेवलेलं पाहिलं, आणि लेखाचा विषय तिथंच ठरला. सत्तरी ओलांडलेले शेडचे मालक क्रँकशाफ्टवर वाकून बोटाच्या पेरानं एक जागा चाचपत होते. पिन जिथं क्रँकच्या भुजेला मिळते, तिथला तो गोलसर कोपरा. क्रँक तुटतो तो बहुतेक इथूनच. तडा शोधायला चुंबकाची तपासणी असते, ती ते करतातच. पण आधी बोट फिरवतात.

थोडा इतिहास सांगायला हवा. कुणाचा घोडा जास्त ओढतो या शेतकऱ्यांच्या पैजा जुन्याच. ट्रॅक्टर आल्यावर त्या ट्रॅक्टरवर लागू लागल्या. 1929 साली मिसुरीतल्या बोलिंग ग्रीन आणि ओहायोतल्या वॉनस्व्हिल इथं झालेल्या स्पर्धा पहिल्या मानल्या जातात; 1969 मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. ट्रॅक्टरमागे स्लेड जोडायचा आणि 300 फूट ओढायचा, एवढाच खेळ. स्लेडला मागे चाकं असतात आणि पुढे जमिनीवर घासणारा लोखंडी पाट. ट्रॅक्टर निघाला की स्लेडच्या चाकांवर चालणारी साखळी वजनाची पेटी पुढे पुढे सरकवते, चाकांवरचा भार पाटावर येतो आणि पाट मातीला धरतो. जितकं पुढे जावं तितकी ओढ जड होत जाते. जुन्या ट्रॅक्टरांच्या वर्गांत वेग साधारण माणसाच्या चालीचा, त्यामुळे फेरी मिनिटभर चालते. त्या मिनिटभरात इंजिनाचा प्रत्येक ठोका ऐकू येतो.

‘जी’ आयोवातल्याच वॉटर्लूच्या कारखान्यात 1937 ते 1953 या काळात तयार झाला. वॉटर्लूची इंजिन कंपनी डिअरनं 1918 साली विकत घेतली आणि तिची दोन सिलिंडरांची आडवी ठेवण थेट 1960 पर्यंत चालवली. आपल्याकडे पुण्याजवळ सणसवाडीला याच कंपनीचे हिरवे ट्रॅक्टर बनतात, पण त्यांच्या पोटात हे इंजिन नाही. हे वेगळंच आहे. बोअर 6 इंच 1 सूत, स्ट्रोक 7 इंच. दोनच सिलिंडर, पण मिळून सुमारे 413 घनइंच, म्हणजे पावणेसात लिटर. इतक्या मोठ्या पोटाचं हे इंजिन मिनिटाला फक्त 975 फेरे करायचं आणि रॉकेलच्या जातीच्या स्वस्त डिस्टिलेटवर चालायचं. ताकद 40 अश्वशक्तीच्या आतच. दोन ठोके लागोपाठ, मग लांब विश्रांती, पुन्हा दोन ठोके. या लयीमुळे अमेरिकेतले शेतकरी या ट्रॅक्टरांना ‘जॉनी पॉपर’ म्हणत.

एवढं मोठं इंजिन आणखी मोठं कशासाठी करायचं? ताकद वाढवायचे ठळक मार्ग दोन. फेरे वाढवा, नाहीतर प्रत्येक ठोक्यात जास्त हवा भरा. ‘जी’मध्ये पहिला मार्ग लवकर बंद होतो. फेरे 975 वरून 1,500 वर नेले, म्हणजे दीडपटीपेक्षा जरा जास्त, तर पिस्टनच्या धावपळीनं रॉड आणि क्रँकवर येणारा ताण जवळजवळ अडीचपट होतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. म्हणून घनइंच वाढवायचे. बोअर साडेसहा आणि स्ट्रोक आठ इंच केला तर हिशोब 531 घनइंचांवर जातो. स्ट्रोक एक इंच वाढवायला क्रँकची भुजा अर्धाच इंच लांबवावी लागते: पिनवर वेल्डिंगचा भर चढवायचा आणि नव्या केंद्रावर ती घासून गोल करायची. कागदावर हे दोन ओळींत मावतं.

मला खिळवून ठेवलं ते या क्रँकनं. त्याला मेन बेअरिंग दोनच, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मध्ये काही नाही. दोन्ही पिन्स परस्परांच्या विरुद्ध, 180 अंशांत. एक पिस्टन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, म्हणून त्यांचे धक्के पुष्कळसे एकमेकांना खातात. पण दोघे शेजारी शेजारी असल्यानं क्रँकला पिरगाळणारा झोका उरतोच. मूळ चालीत तो झोका जाड शाफ्ट आणि बाहेर उघडं फिरणारं अवजड फ्लायव्हील पचवत असे. पुढे कंपनीनं डिझेल ‘70’ काढला तेव्हा तिनं स्वतःच मध्ये तिसरं बेअरिंग दिलं. ‘जी’च्या पोटात ते बसवायला जागा नाही. मग उपाय वजनाचे. बिडाचा जड पिस्टन काढून अॅल्युमिनियमचा घ्यायचा, रॉड हलका पण चिवट घ्यायचा, दोन्ही बाजूंची वजनं काट्यावर जुळवायची, वेल्डिंगनंतर क्रँक भट्टीत हळूहळू निववायचा. आणि तो गोलसर कोपरा आरशासारखा घासायचा. तिथं लेथच्या पात्याचा एक ओरखडा राहिला तरी तडा तिथूनच सुरू होतो.

अडचणी इथंच संपत नाहीत. बोअर वाढवला की सिलिंडरची भिंत पातळ होते. ओतकामात गाभा थोडा सरकलेला असला तर एका बाजूला भरपूर बीड असतं आणि दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पोकळीपर्यंत मोजकेच थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. बाहेरून हे दिसत नाही. ध्वनिलहरींच्या यंत्रानं भिंत ठिकठिकाणी मोजावी लागते, आणि दहा ब्लॉकमधला चांगला कोणता हे आधी सांगता येत नाही. कॉम्प्रेशन मुळात चारास एकच्या आसपास. ते वाढवलं की हेडचे बोल्ट आणि गास्केट तक्रार करतात. थंड करायला पाण्याचा पंपच नाही, पाणी तापून आपोआप फिरतं. मिनिटभराच्या ओढीला पुरतं, त्यापुढे नाही. इंजिन सावरलं तर क्लच, गिअर आणि मागचा आस पुढे येतात, तेही 40 अश्वशक्तीच्या हिशोबानं ओतलेले. पुढची चाकं उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटू नये म्हणून आधाराचे दांडे, आणि इंजिन तत्काळ बंद करणारा स्विच. यांत कुणी हयगय केली तर त्याला मैदानात उतरू देऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

माझी खरी काळजी मात्र बिडाची आहे. शेवटचा ‘जी’ 1953 साली बाहेर पडला. पिस्टन, रॉड, गास्केट नवे मिळतात. पण फुटलेला प्रत्येक मूळ ब्लॉक शिल्लक साठ्यातून कायमचा वजा होतो. शेडच्या मालकांनी भंगारातून आणलेले ब्लॉक भिंतीला लावून ठेवलेत, काहींवर खडूनं फुली. काही संग्राहक म्हणतात, चांगल्या ब्लॉकला हात लावूच नका. मला ते पटत नाही. हे यंत्र ओढण्यासाठी घडवलं गेलं. पण त्याची किती घनइंचांपर्यंत सोसायची ताकद आहे, हे ज्याला कळतं त्यानंच पातं चालवावं, एवढं मात्र खरं.

शेडच्या मालकांना ते कळतं, कारण त्यांनी लिहून ठेवलंय. तेलाचे डाग पडलेल्या वह्यांत प्रत्येक ब्लॉकची भिंत कुठे किती भरली, कुठल्या बोअरला फुटला, कुठल्या क्रँकला तडा कितव्या हंगामात गेला, सगळं तारखेनिशी आहे. स्पर्धा जिंकलेल्या इंजिनांपेक्षा फुटलेल्यांची पानं जास्त आहेत, आणि ती जास्त मोलाची आहेत. रंग देऊन चकचकीत केलेले ‘जी’ संग्रहालयांत पुष्कळ उभे आहेत; हे यंत्र कसं बनवलं होतं ते त्यांवरून समजतं. ते किती सोसतं, हे समजायला या वह्याच लागतील. त्यांच्या प्रती आत्ताच काढल्या पाहिजेत, त्यातली अक्षरं लावून सांगणारे हात आहेत तोवर.