किकही तीच, गिअरही तोच

आमच्या दारातली १९८३ सालची येझदी विकावी की ठेवावी, यावरून सध्या घरात दोन तट पडले आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, भंगारात घाला. आई म्हणते, तुझ्या दादांची गाडी आहे, हात लावायचा नाही. आम्ही मधले. शेवटी मागच्या रविवारी ती ढकलत नाशिकरोडला जुन्या मेस्त्रींकडे नेली आणि अर्धा दिवस तिथेच बसून राहिलो.

दादांनी सातपूरच्या कंपनीत असताना कर्ज काढून ही फटफटी घेतली. वस्तीतली ती पहिली मोटारसायकल. रात्री-अपरात्री कुणाचे बाळंतपण अडले की लोक आमचेच दार वाजवीत.

येझदी मूळची जावा, म्हणजे झेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक हा तिथला कारखानदार आणि वांडरर ही जर्मन कंपनी, या दोन नावांची सुरुवात जोडून 'जावा' झाले. रुस्तम इराणी व मंडळींनी तिचा कारखाना म्हैसूरला काढला. पुढे तिचेच नाव येझदी पडले, आणि १९९६ साली कारखाना बंद झाला.

आमचा मुलगा किक उजवीकडे शोधत होता. सापडणार कशी? येझदीला किक आणि गिअर मिळून एकच दांडा, तोही डाव्या पायाशी. तो आत दाबून मागे वळवला की किक होते. गाडी सुरू झाली की पुढे आणायचा, मग तोच गिअर. शिवाय गिअर दाबताना क्लच आपोआप सुटतो. क्लचची वायर तुटली तरी दादा गाडी घरी आणीत, ते याच जोरावर.

सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन! इंजिनला व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टन वर-खाली होतानाच सिलिंडरच्या खिडक्या उघडतो नि झाकतो. बुलेटच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, इथे प्रत्येक फेरीला. म्हणून बुलेटचा आवाज सावकाश धडधडतो नि येझदीचा सलग फटफटतो. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे, त्यामुळे मागे निळा धूर. (आईची वाळत घातलेली लुगडी या धुराने किती वेळा धुवावी लागली, ते तिलाच विचारा.)

बुलेटचीही तऱ्हा वेगळीच. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. किक मारण्याआधी अँपिअरच्या काट्याकडे बघत पिस्टन जागेवर आणावा लागे, नाहीतर किक उलटून नडगी फुटे. दूधवाल्यांची राजदूत पोलंडच्या गाडीवरून घेतलेली. आणि जर्मनीत १९२१ ते १९२५ या काळात मेगोला नावाची एक गाडी निघाली, तिचे पाच सिलिंडरांचे इंजिन चक्क पुढच्या चाकात! क्लच नाही, गिअर नाही. चौकात थांबायचे म्हणजे इंजिनच बंद. आपल्या शालिमारच्या गर्दीत तिचे काय झाले असते, कोण जाणे.

असो. सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी 'विंटेज' नियम केले. पण त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते आणि नोंदणीची फी २०,००० रुपये. आमची येझदी पन्नाशीला २०३३ साली पोचेल. तोवर दर पाच वर्षांनी साधे नूतनीकरण, आणि वीस वर्षांवरील दुचाकीला ती फी २०२५ पासून २,००० रुपये झाली. हौशी श्रीमंताला हे काहीच नाही. कारकुनाच्या पगारातून देताना मात्र दोनदा मोजावे लागतात.

मेस्त्रींनी सायलेन्सर उघडून कार्बन खरवडला, प्लग पुसला, पॉइंट घासले. पोरांपैकी कुणी हे काम शिकायला येत नाही, एवढेच ते मध्ये बोलले. चौथ्या किकला गाडी सुरू झाली.

गल्लीत शिरलो तेव्हा आई आधीच उंबऱ्यात उभी होती. आवाजावरून ओळखले म्हणाली. भावाचे मत अजून बदललेले नाही, पण नूतनीकरणाचे निम्मे पैसे तो देणार आहे.