पाणी काळवंडलं की

माझं वजन ४८ किलो आणि माझ्या सायकलचं साडेआठ. हे आकडे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात वाऱ्याइतकाच त्यांचाही हात होता.

तिरोड्यात मी बँकेत कॅशियर आहे. सहा दिवस नोटा मोजायच्या आणि रविवारी पहाटे सायकल काढायची. सुकडी-डाकरामला चक्रधरस्वामींच्या देवळाजवळ चहा घ्यायचा, तिथून पुढे बोदलकसा. १९१७ सालचं मातीचं धरण, त्याच्यामागे पसरलेला तलाव आणि चहूकडे नागझिऱ्याच्या बाजूचं जंगल. रस्ता ओळखीचा आहे, खड्ड्यांसकट.

त्या मे महिन्यात दोन चुका केल्या. घरून निघायला उशीर केला, तलावाजवळ पोचेपर्यंत दहा वाजले आणि वारा उठला होता. दुसरी चूक चाकांची. नागपूरच्या भाच्यानं त्याची जुनी कार्बनची चाकं मला दिली होती. साधी रिम बोटाच्या रुंदीएवढी खोल असते, ही ५० मिलिमीटर खोल, जवळजवळ तीन बोटं. दिसायला देखणी. सपाटीवर समोरचा वारा कापत जातात, त्यामुळे मीही खुशीत होते.

रस्ता सागवानातून बाहेर पडतो आणि उजवीकडे एकदम पाणी उघडतं, तिथे हँडल कुणीतरी हातात धरून डावीकडे पिळावं तसं झालं. मी घट्ट पकडलं. मग ब्रेक दाबला. पुढचं आठवतं ते डांबर सोडून मुरमात बसलेली मी, सोललेलं कोपर आणि आडव्या सायकलचं शांतपणे फिरत राहिलेलं मागचं चाक.

समोरून एक म्हातारबा साधी सायकल हातानं ढकलत येत होते. कॅरिअरवर तेंदूपत्त्याचे पुडे बांधलेली भलीमोठी गाठोडी, फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी न्यायला. सायकल वाऱ्याच्या बाजूला आणि ते आडोशाला, म्हणजे ओझं त्यांच्याच खांद्यावर रेलत होतं.

"लागलं काय जी?"

"थोडंसं. तुम्ही बसून का नाही चालवत?"

"या वाऱ्यात? वडून नेते ना जी. अंगावर येऊ द्याची, मंग जात नाई कुठं." मग तलावाकडे हनुवटी उडवून म्हणाले, "पान्याकडं पाह्यलं नाई तुमी. काळं पडते, मंग येते."

मी पाहिलं. उन्हात चकाकणाऱ्या पाण्यावर एक काळपट पट्टा आमच्याकडे सरकत येत होता. तो काठाला लागला आणि दोन श्वासांत माझा दुपट्टा तोंडावर आला.

झोत आला की पाण्यावर बारीक लहरी उठतात, त्यांच्यावरून उजेड वेगळा परततो आणि तेवढा भाग काळा दिसतो. नावाडी आणि ढीवर हे पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलेत. मी त्या रस्त्यानं पन्नास वेळा गेले असेन, पण पाण्याकडे फोटोपुरतंच पाहिलं होतं.

त्यानंतर घरी बसून जे वाचलं, करून पाहिलं, ते सांगते. आडवा वारा आणि आडवा झोत या दोन वेगळ्या गोष्टी. एकसारखा वाहणारा वारा परवडला, आपण नकळत त्याच्याकडे कलतो आणि तोल साधतो. झोत कलायला वेळच देत नाही. त्यात वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो: ताशी २० चा वारा ४० झाला की धक्का दुप्पट नाही, चौपट. उन्हाळी वादळाच्या दिवसांत हवामान खातं विदर्भासाठी ताशी ४० ते ५० किलोमीटर वाऱ्याचा इशारा देतं, तेव्हा हा हिशेब आठवावा. आपल्या स्वतःच्या वेगाचाही वारा असतोच. ताशी ३० नं जाताना बाजूनं ३० चा वारा आला, तर अंगाला लागणारा वारा होतो सुमारे ४२ चा, आणि तो येतो समोरून तिरका.

आता चाकाचं. मागचं चाक फ्रेममध्ये ताठ बसलेलं असतं. त्याच्यावर वारा आदळला तर सायकल सगळीच थोडी सरकते. पुढचं चाक मात्र हँडलबरोबर वळतं. खोल रिम म्हणजे शीडच, आणि वाऱ्याचा दाब चाकाच्या पुढच्या भागात जास्त पडला की ते वारा ढकलेल तिकडे वळतं. हँडल पिळणारा हात तो हाच. हवाईतल्या कोनाच्या आयर्नमन स्पर्धेत, जिथे लाव्हाच्या माळावरून सुसाट वारे येतात, पूर्ण तबकडीसारख्या चाकांना मनाईच आहे. ९० किलोच्या गड्याला जो झोत नुसता हलवतो तो माझ्यासारखीला रस्त्याबाहेर ठेवतो. म्हणून खोल रिम लावायचीच हौस असेल तर मागे लावा, पुढे साधी.

पण वजनदार आणि कसलेले सुटतात असंही नाही. मार्च २०१५ मध्ये बेल्जियममधल्या गेंट-वेवेलगेम शर्यतीत वाऱ्यानं गेरंट थॉमसला सायकलसकट रस्त्याकडेच्या खोलगट भागात नेऊन टाकलं. गडी उठला, पुन्हा बसला आणि तिसरा आला. पुढे टूर द फ्रान्स जिंकणारा माणूस तो. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्यानं पूर्ण केली. त्या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या वाटेत कॅन्ससचा सपाट मुलूख लागतो, तिथे आडवा वारा दिवसच्या दिवस सोबतीला असतो. मी बोदलकशापर्यंतची बाई, पण वारा सगळ्यांना एकच.

पडले तेव्हा माझं सगळ्यात मोठं चुकलं ते हँडल आवळण्यात. आवळलं की खांदे ताठ होतात, ताठ खांद्यांतून वाऱ्यानं अंगाला दिलेला प्रत्येक हिसका थेट हँडलमध्ये उतरतो आणि सायकल नागमोडी जाते. कोपरं वाकवून, ढिली ठेवून धरलं तर चाक जरासं वळतं, परत येतं, आपण सरळच जातो. भाकरी थापताना हात जसा असतो तसा, धरलेला पण दाबलेला नाही. हात खालच्या वाकड्या नळीवर न्यावेत, धड खाली जातं आणि वाऱ्याला अंग कमी मिळतं. सीटवरून उठायचं नाही. पायडल थांबवायचं नाही, गिअर एक-दोन हलका करून पाय फिरते ठेवायचे. झोताच्या क्षणी पुढचा ब्रेक तर अजिबात नको. वेग कमी करायचा तो आधी, उघडं मैदान दिसताच. आणि फारच झालं तर म्हातारबांसारखं उतरून चालायला लाजू नये. मी दोनदा चालले आहे.

ट्रकचं वेगळं सांगते, कारण त्यानं माझी अजून झोप उडते. तिरोडा-गोंदिया रस्त्यावर वारा उजवीकडून असला की आपण उजवीकडे कललेले असतो, त्याला टेकून. तेवढ्यात मागून ट्रक येतो, शेजारून जाताना वारा अडवतो. टेका काढून घेतला! आपण सरळ ट्रककडे ओढले जातो. तो पुढे गेला की अडलेला वारा परत थाडकन लागतो, या वेळी डावीकडे, जिथे डांबर संपून वीतभर खाली मुरूम असतो. ट्रकचा आवाज आला की मी आधीच कलणं कमी करते आणि दोन्ही बाजूंना हातभर डांबर राखते. कडेला चिकटून जाणं सुरक्षित वाटतं, पण चुकायला जागाच उरत नाही. ट्रक फारच जवळ आला तर थांबते. वारा डावीकडून असेल तर तो आपल्याला गाड्यांच्या अंगावर ढकलतो, तेव्हा मी दुपारचा तो रस्ताच टाळते.

ऋतूही बघावा लागतो. मेमध्ये सागाला पान नसतं, जंगलातही वारा शिरतो आणि धान कापलेल्या मोकळ्या बांध्यांवर तर त्याला कुणी विचारत नाही. तोच रस्ता ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंनी पानांची भिंत, आत वाऱ्याची झुळूक नाही, आणि म्हणूनच भिंत संपते तिथे धक्का जास्त.

भाच्याला त्याचं पुढचं चाक परत दिलं, मागचं ठेवलं. आता पाणी उघडतं त्या जागेआधी एक वाकडं ऐनाचं झाड आहे, त्याच्यापाशी आले की हात खाली जातात, गिअर एक हलका होतो, आणि मी झाडांच्या फटीतून पाणी बघते. मागच्या रविवारी ते दोन ठिकाणी काळं होतं. पहिला पट्टा काठाला लागेपर्यंत ऐनाखाली थांबले, दुसऱ्याच्या आधी निघाले.